नखभर फट

मका दाण्यात भरला आणि रानडुकरं खाली उतरली. दरवर्षीच उतरतात, पण एरवी बांधाकडेच्या दोनचार ओळींवर त्यांचं भागतं. यंदा त्यांनी सावकाशच्या रानात शिरून आठवड्यात अर्धं पीक आडवं केलं आणि हाकलायला गेलेल्या कुत्र्याचं पोट फाडून ठेवलं. डबे बडवून झाले, शेकोट्या पेटवून झाल्या, जुना सदरा आणि मडकं चढवून बुजगावणं उभं करून झालं. दुसऱ्या दिवशी बघतो तर डुकरं बुजगावण्याच्या पायाशीच लोळून गेलेली.

सावकाश हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जन्मात एकही काम त्यानं सावकाश केलेलं नसल्यामुळे लोकांनी ते ठेवलं होतं. जेवतानासुद्धा हा माणूस उठायच्या तयारीत बसायचा. तो मिस्त्रीचा मेहुणा, बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ, आणि म्हणून मिस्त्रीच्या घरात त्याला सगळे गुन्हे माफ होते.

त्या दुपारी मिस्त्री एका दाराच्या चौकटीचा सांधा बसवत होता. सांधा नीट बसला की नाही हे तो डोळ्यांनी बघत नसे. डोळ्यांना आता चष्मा लागला होता आणि चष्म्यावर सदा भुसा. त्यासाठी त्यानं उजव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं होतं. ते सांध्यावरून फिरवायचं, कुठं अडलं नाही म्हणजे झालं. या नखावरून घरात वीस वर्षं कुरकुर चालू होती, कारण त्यात सरस, पॉलिश, वाटेल ते भरलेलं असे आणि तोच हात ताटात यायचा.

"कापा हो ते एकदाचं," बायको म्हणायची. "माणसाचं आहे की घारीचं?"

सावकाश आला तो सायकल भिंतीवर आदळतच. पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी त्यानं कामाच्या बाकावर, पटाश्या बाजूला सारून, ठेवलं.

"दाजी, हात पुसा आणि ही बघा."

दुकानात चौकटीचा मालक आणि गिरणीवाला गप्पा मारत उभे होते, तेही पुढे सरकले. पोत्यातून बंदूक निघाली. ठासणीची. तोंडातून दारू भरायची, वरून गोळी सोडायची, गजानं ठासायची, मागं तांब्याची टोपी बसवायची आणि घोडा पाडायचा. कारखान्यातली नव्हती, कुणीतरी घरी बसून हातानं केलेली होती.

"रायफल आहे," सावकाश म्हणाला. "आत पीळ काढलाय. गोळी फिरत जाते, सरळ. फिरत्या विक्रेत्यानं दिली."

"केवढ्याला?"

सावकाशनं आकडा सांगितला. गिरणीवाल्यानं शीळ घातली. तेवढ्या पैशांत शहरातल्या दुकानात नुसता खांद्याचा पट्टा आला असता.

"परवाना वडलांच्या नावावरून माझ्यावर आलाय, बंदूक तेवढी नव्हती. दारू परवा येणार. परवाच मचाणावर बसतो. फक्त तुम्ही एकदा हो म्हणा."

मिस्त्रीनं हात पुसले. बंदूक उचलली आणि उचलताक्षणीच त्याला ती आवडली, हे सांगून टाकलेलं बरं. अक्रोडाचा दस्ता होता. लाकडाच्या रेषा दस्त्याच्या मानेपाशी वळत होत्या, अगदी जिथं वळायला हव्यात तिथं. म्हणजे करणाऱ्यानं ओंडक्यातून तो तुकडा शोधून काढलेला होता. गालाला टेकायची जागा कानशीनं नव्हे, पटाशीनं उतरवलेली. नळी लाकडात अशी बसलेली की दोन्ही एकत्रच उगवली असावीत. नळीच्या मागचं तोंड ज्या बुचानं बंद केलेलं असतं, त्याची पोलादी शेपटी दस्त्याच्या मानेत मुरवलेली होती, आणि तिच्या कडेनं लाकूड आणि लोखंड यांच्यात काही म्हणता काही फट नव्हती. मिस्त्रीनं नख फिरवलं. अडलं नाही. गिरणीवाल्याच्या सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद मागून घेतला आणि त्याची कड तिथं घालून बघितली. कागद दुमडला, आत गेला नाही.

"बघ," तो चौकटीच्या मालकाला म्हणाला. "याला हात म्हणतात."

नळीच्या तोंडात वाकून बघितलं तर पिळाच्या खाचा लख्ख दिसत होत्या. घोडा ओढला, टक्कन थांबला. चाप लोण्यासारखा. मिस्त्री बोलत सुटला. त्याला बोलायला फार लोक मिळत नसत. चौकटीला लोक भाव विचारतात, सांधा कुणी विचारत नाही.

"लोहाराला एकदा दाखवा की," गिरणीवाला सहज म्हणाला.

मिस्त्रीचं तोंड कडू झालं. दोन वर्षांपूर्वी भर बाजारात त्यानं लोहाराला म्हटलं होतं, की तुझी बिजागरी लावली की दार सासरी निघाल्यासारखं रडतं. लोक हसले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं आणि कडीकोयंडे मिस्त्री स्वतःच ठोकून करत होता.

"त्याला काय कळतंय यातलं?" मिस्त्री म्हणाला. "ज्यानं मागच्या शेपटीवर एवढा जीव ओतलाय तो पुढं कशाला कसूर करील? डोळे मिटून खांद्याला लाव."

सावकाश त्यानंतर एक क्षणही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री चौकटीला दार चढवायला गेला. दार छान झालं होतं. कडी मात्र त्याची स्वतःची होती, आणि ती कशी झाली होती हे त्यालाच ठाऊक. लोखंड नीट तापलं नव्हतं, ठोकताना एका अंगाला पिळवटलं होतं, आणि जोडाशी एक बारीक चीर होती. मग त्यानं नेहमीचंच केलं. कडीच्या पट्टीसाठी लाकडात खोबण काढली, ती इतक्या निगुतीनं की पिळवटलेली बाजू आणि चीर दोन्ही आत गेल्या. कडेनं एक नाजूक गोलवा दिला. वर पॉलिश.

घरमालक आला, त्यानं त्या गोलव्यावरून बोट फिरवलं.

"वा मिस्त्री! काय कडी केलीत!"

मिस्त्रीच्या हातातला हातोडा तसाच राहिला. कडी कुणी बघितलीच नव्हती. बघितलं होतं ते लाकूड.

त्यानं डबा न खाताच हत्यारं गोळा केली. वाटेनं चालताना कालची बंदूक डोळ्यांपुढून जाईना. तो दस्ता लोहाराच्या हातचा नव्हताच. लोहार लाकडाच्या रेषा शोधत बसत नाही, त्याला लाकूड म्हणजे मूठ. तो दस्ता सुताराचा होता, पक्क्या सुताराचा, मिस्त्रीपेक्षाही काकणभर सरस. मग नळी कुणी केली? बूच कुणी बसवलं? आणि बुचाच्या शेपटीभोवतीच त्यानं इतका जीव का ओतला होता?

सावकाश रानात मचाण बांधत होता. अंगातून घाम निथळत होता, दोरीनं तळवे सोलले होते, पण हात थांबत नव्हते. बंदूक जवळच पोत्यावर निजवलेली.

"गज दे इकडं," मिस्त्री म्हणाला. "आणि एक चिंधी."

त्यानं गजाला घट्ट चिंधी गुंडाळली, तेल लावलं आणि नळीत सरकवली. पिळाच्या खाचांमुळे गज हातात आपोआप वळू लागला. एक वीत वळला. पुढं सरळच आत गेला, वळलाच नाही.

"बघितलंस? पीळ फक्त तोंडाशी आहे. जिथवर डोळा जातो तिथवर. आत सपाट नळी आहे."

"असेना," सावकाश दोरीची गाठ दातांनी ओढत म्हणाला. "डुकराच्या डोळ्यात नेम धरायचाय का? दहा पावलांवरून मारणार."

"अरे, जो माणूस इथं फसवतो तो मागं..."

"दाजी." सावकाश मचाणावरून खाली उतरला. पहिल्यांदाच तो काही क्षण एका जागी उभा राहिला. "काल चार माणसांत तुम्ही म्हणालात डोळे मिटून लाव. गिरणीवाल्यानं ते सगळीकडं केलंय. आज लोक मला विचारायला येतायत, कुठं मिळाली म्हणून. आणि आज तुम्ही म्हणता मी गंडलो. मी डुकरांसमोर रोज गंडतोय, ते पुरे आहे."

"बूच काढून बघू फक्त."

"हात लावू नका. तुम्हीच म्हणालात, कागद जात नाही. तिथं उचकटून मी तिचं वाटोळं करू?"

स्वतःचेच शब्द असे तोंडावर येऊन आदळले की माणूस काय बोलणार? तो परत फिरला. बांधावर पाय घसरला, गुडघा फुटला, तेही त्याला घरी आल्यावर कळलं.

बायकोनं गुडघा पुसायला घेतला. सगळं ऐकून घेतल्यावर तिचा आवाज चढला.

"म्हणजे काल तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि तुम्ही हो म्हणालात?"

"मला वाटलं ठाऊक आहे."

"लाकूड बघून?"

"लाकूड बघून."

"त्याच्या डोळ्यापासून ते बूच किती लांब असतं?"

मिस्त्रीनं अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. मग थोडी कमी केली. बायकोनं फडकं बादलीत टाकलं आणि ती उठून गेली. आतून तिचा आवाज आला, "दोन पोरी आहेत त्याला."

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री चहासुद्धा न घेता लोहाराच्या दारात जाऊन उभा राहिला. भात्याची धग अंगावर येत होती. लोहार विळ्याला धार काढत होता. त्यानं मान वर केली, बघितलं आणि पुन्हा खाली घातली. एक विळा झाला, दुसरा झाला. मिस्त्री उभाच. त्याला बसायला ओंडका होता, पण बस म्हटल्याशिवाय कसं बसणार?

"बिजागरी रडते का अजून?" लोहारानं शेवटी विचारलं.

"माझं चुकलं."

"कशात? बिजागरीत का बंदुकीत?" गिरणीवाल्याची कृपा इथंही पोचली होती.

"दोन्हीत."

लोहारानं विळा पाण्यात घातला. "बिजागरी वाजायची, ते खरं होतं," तो म्हणाला. "पण ते तू मला इथं येऊन सांगायचंस. बाजारात नाही. बस."

मिस्त्री बसला. सगळं सांगितलं, स्वतःची कडीसुद्धा सांगितली. कडीवर लोहार खदखदून हसला, मग एकाएकी गंभीर झाला.

"बुचाला आटे पाडायला कष्ट पडतात. बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून जुळावे लागतात. ज्याला जमत नाही तो दोनतीन आटे कसेबसे पाडतो आणि बाकी कथील ओततो. वरून कानस मारली की कळत नाही. पण तसंच असेल असं मी न बघता म्हणणार नाही. मी काही सुतार नाही." एवढा टोमणा त्यानं मारलाच. "काढून बघू देत नाही ना? मग ओंडक्याला बांधा, चापाला दोरी लावा, आणि लांबून उडवा. माझ्या बापानं एकही बंदूक त्याशिवाय कुणाच्या हातात दिली नाही."

सावकाशला तयार कुणी करायचं हा प्रश्न होता. तो बायकोनं सोडवला. ती भावाकडं गेली, काय बोलली ते दोघांनाच ठाऊक, आणि ऊन कलायच्या आत रानात ओंडका, दोरी, दारूची पुडी सगळं हजर झालं. गिरणीवालाही हजर झाला, त्याला बोलवावं लागत नसे.

सावकाश फणफणत होता, पण तोंडावर हसू आणून. त्यानं बंदूक ओंडक्यावर बांधून दिली. मग मक्यातलं बुजगावणं उपटून आणलं आणि बंदुकीच्या मागं असं रोवलं की दस्ता त्याच्या खांद्याला लागला आणि मडक्याचा गाल लाकडाला टेकला. अंगात त्याचाच जुना सदरा होता.

"हा मी," तो लोकांना म्हणाला. "दाजींचा जीव शांत होऊ दे."

लोहारानं नेहमीएवढी दारू भरली, गोळी ठासली. सगळे नाल्यात उतरले. दोरी ओढली. धाड! धूर निवळला तर बंदूक जागेवर, मडकं जागेवर, समोरच्या मातीत हातभर भोक.

दुसरा बार. तोही तसाच.

"झालं?" सावकाश नाल्यातून उडी मारून वर आला. गिरणीवाला हसला. मिस्त्रीचे कान गरम झाले. त्याला हायसं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही, पण त्याची नजर त्या शेपटीवरून हटेना. लोहारानं खांदे उडवले. सावकाशनं बंदूक सोडवली, दारू ओतली, गोळी ठासली. रात्रीची तयारी इथंच करून टाकायची होती त्याला.

"एकदा हात लावू दे," मिस्त्री म्हणाला.

"आता काय राहिलं?"

"एकदाच. टोपी बसवू नकोस अजून."

सावकाशनं वैतागून बंदूक पुढं केली, सोडली नाही. मिस्त्रीनं चष्मा काढून खिशात ठेवला. लाकडात मुरवलेल्या त्या शेपटीच्या कडेवर त्यानं अंगठा टेकवला आणि हळूहळू मागून पुढं आणला. पुढच्या टोकाशी नख अडलं. त्यानं पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथंच अडलं. दाबून बघितलं, तर नख आत गेलं.

"कागद जात नव्हता इथं," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "आता नख जातंय. बूच मागं सरकलंय."

"लाकूड वाळलं असेल."

"दोन दिवसांत? अक्रोड? अरे, हे ज्यानं बसवलंय त्याचं लाकूड वाळून हलणारं नाही. तो फार चांगला सुतार आहे. लाकूड हललेलं नाही. लोखंड हललंय."

लोहार पुढं आला. त्याच्या बोटांना घट्टे पडलेले, त्याला काही लागेना. "मला नाही कळत," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण हा म्हणत असेल तर असेल."

"परवा हो, काल नाही, आता नख!" सावकाश ओरडला. "बास झालं. हा बार मी खांद्यावरून उडवतो, सगळ्यांदेखत." त्यानं खिशात हात घालून टोपी काढली.

मिस्त्रीची बायको इतका वेळ बांधावर पदर तोंडाशी धरून बसली होती. ती उठली, सरळ चालत आली आणि तिनं भावाच्या हातातून बंदूक काढून घेतली. लहानपणी त्याच्या हातून सुरी काढून घेत असेल तशीच. सावकाश मोठा बाप्या, पण त्याचे हात सुटले.

"तिसरा दोरीनं," ती म्हणाली. "मग खुशाल खांद्यावर घे. मी अडवणार नाही."

"ताई, तू पण?"

"मी पण. बांधा हो."

मिस्त्रीनं बांधली. गाठ त्यानं दोनदा मारली. बुजगावण्याचा गाल पुन्हा लाकडाला टेकवला. टोपी लोहारानं बसवली. सगळे नाल्यात उतरले आणि दोरी या वेळी सावकाशनंच हातात घेतली. रागानं त्यानं ती हिसकली.

आवाज वेगळा होता. पुढं धाड झालंच नाही, मागं काहीतरी कडाडलं आणि खापऱ्या पावसासारख्या मक्यावर पडल्या. मग पाखरं उडाली.

ओंडक्यावर नळी होती, तिचं मागचं तोंड उघडं, त्यातून धूर येत होता. दस्ता मानेत तुटला होता. बुजगावण्याला डोकं नव्हतं. सदऱ्याची कॉलर जळत होती, ती सावकाश नुसताच बघत उभा राहिला. लोहारानं वीस पावलं मागं मक्यात शोधून बूच उचलून आणलं, तळव्यावर घेतलं, गरम होतं म्हणून या हातातून त्या हातात केलं.

"दोन आटे," तो म्हणाला. "बाकी कथील."

सावकाश खाली बसला. सरळ ढेकळांत. बहीण त्याच्यापाशी गेली आणि दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपू लागली. कपाळ, नाक, उजवा डोळा, गाल, पुन्हा डोळा. त्याला काही झालेलं नव्हतं हे तिला दिसत होतं, तरी ती चाचपत होती.

"दाजी," तो तिच्या हातांमधूनच म्हणाला, "डुकरं?"

"मचाणावर दोघं बसू. डबे बडवू," मिस्त्री म्हणाला. "मीच बडवीन."

दस्त्याचे तुकडे त्यानं घरी आणले. तुटला होता तरी बघत राहावंसं वाटे, गालाची जागा तशीच होती, रेषा तशाच वळत होत्या. त्यानं ते करवतीखाली धरले आणि चुलीपुरते बारीक केले. हात चालत होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. तो माणूस कुठंतरी बसून आत्ता दुसरा दस्ता तासत असणार, असाच देखणा. कुठल्यातरी गावात एखादा मिस्त्री तो हातात घेणार आणि खूश होणार. त्याला निरोप कोण देणार? आणि कालच्या त्या दाराला लावलेली कडी? ती उद्या सकाळी काढायची, लोहाराकडून नवी करून घ्यायची, मालक काय वाटेल ते बोलला तरी.

बायकोनं बादलीत पाणी आणलं. कालपासून ती त्याच्याशी नीट बोलली नव्हती. त्याचे हात ओढून पाण्यात घातले, साबणानं चोळले, दारूची काजळी काढली. उजव्या अंगठ्यापाशी आल्यावर तिनं काडी घेतली आणि नखाखालचा काळा मळ हलक्या हातानं कोरून काढला. कोपऱ्यात कात्री होती. मिस्त्रीनंच ती उचलून तिच्यापुढं धरली. आज तिनं काहीही सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं असतं.

तिनं कात्री घेतली, फळीवर ठेवून दिली आणि त्याचा अंगठा पदरानं कोरडा केला.

"राहू दे," ती म्हणाली, आणि तोच हात धरून त्याला ताटावर बसवलं.